केसरीनाथची दुरुस्ती

भिवंडीच्या निजामपुऱ्यात केसरीनाथ भोईराचं नाव काढलं की समोरचा आधी पान थुंकायचा आणि मग बोलायचा. त्यात त्या समोरच्याचा काही दोष नव्हता. माणसानं गर्विष्ठ असावं, पण किती? ह्या बाबाला जगात दोनच माणसं हुशार वाटायची. एक त्याचे उस्ताद आणि दुसरा तो स्वतः. उस्ताद अल्लाला प्यारे झाल्यापासून जागा एकच उरली होती.

धंदा त्याचा कार्ड कापायचा. भिवंडीतले बहुतेक लूम साधं पांढरं कापड काढायचे, त्यांना कार्डाशी देणंघेणं नाही. पण ज्यांच्या लूमच्या डोक्यावर नक्षी विणणारं जॅकार्ड बसवलेलं, ज्यांच्याकडे साडीचा काठ-पदर निघायचा, त्यांना केसरीनाथशिवाय गत्यंतर नव्हतं. आधी चौकटीच्या कागदावर नक्षी रंगवायची. मग नक्षीच्या एकेका ओळीसाठी जाड पुठ्ठ्याची एकेक पट्टी घ्यायची आणि टोच्यावर हातोडी मारून त्यात भोकं पाडायची. भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. अशा शेकडो पट्ट्या दोऱ्यानं ओवून त्यांची माळ लूमवर चढवली की खाली कापडावर कैरी उमटते, मोर उमटतो. एक भोक चुकलं की साडीभर मोराचा डोळा फुटलेला. केसरीनाथच्या मोराचा डोळा कधी फुटला नव्हता, हे त्याच्या शत्रूंनाही कबूल होतं. आणि शत्रू म्हणजे अख्खी गल्ली.

असायचीच. माणूस चांगलं काम करतो म्हणून त्याचं थोबाड सहन करावं, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? लूम चालवणाऱ्यांना तो तोंडावर बैल म्हणायचा. ज्या शेठच्या कारखान्याला कार्ड कापून द्यायचा त्याच्याबद्दल म्हणायचा, "शेठला कापड कळत न्हाय, फक्त भाव कळतो." वडप्याकडे त्याचे सख्खे भाऊ भात लावायचे, ती त्याच्या लेखी चिखलातली माणसं. बायको गुणाबाई लग्न झाल्यापासून त्याला रांधून वाढत होती, तर हा पहिल्या घासालाच नाक मुरडून म्हणायचा, "मिठाचा अंदाज देवानं सगल्यांना न्हाय दिला." खायचा मात्र ताट चाटून पुसून. गुणाबाईनं एकदाही ते ताट त्याच्या डोक्यात घातलं नाही, ही बाई खरोखर देवमाणूस.

त्याला एकच मुलगी, तुळजा. मॅट्रिक झाली, टायपिंग शिकली. गल्लीतल्या बायका तिच्या वयात लूमसाठी सुताच्या कांड्या भरत बसायच्या आणि हिला तेच करावं लागणार, असं सगळे धरून चालले होते. पण पोरगी बापाची होती. हट्ट तेवढा उचलला, तोंड नाही उचललं. गुपचूप अर्ज करत राहिली.

सन शहात्तरची गोष्ट. आणीबाणी लागलेली, जो तो तोंड मिटून कामाला लागलेला. कशेळीच्या पुलापलीकडे ठाण्याला माणिकप्रभा मिल होती. त्या मिलच्या साहेबांना त्या साली एक नवं वेड लागलं होतं, कॉम्प्युटरचं. आता कॉम्प्युटर काही मिलमध्ये नव्हता, तो होता मुंबईत फोर्टला एका कंपनीकडे, थंडगार खोलीत नवऱ्यामुलासारखा बसवलेला. मिलनं फक्त त्याच्यासाठी कार्डं बनवून पाठवायची. कुठलं कापड कुठल्या व्यापाऱ्याला गेलं, ते सगळं म्हणे कार्डावर भोकं पाडून लिहायचं, आणि कॉम्प्युटर ते वाचून क्षणात कागदावर छापून देणार. मिलमधले कारकून ते ऐकून गळाठले होते, कारण त्यांची आयुष्यं हेच लिहिण्यात गेली होती. युनियनवाल्यांनी गेटवर आरडाओरडा केला असता, पण दिवस आरडाओरड्याचे नव्हते. आणि साहेबांचं काय सांगावं! कॉम्प्युटर म्हटलं की त्यांच्या डोळ्यांत चमक यायची, पण तो नक्की करतो काय, हे त्यांच्यातल्या एकालाही धड सांगता येत नव्हतं. दुसऱ्या मिलनं घेतला म्हणून आपणही घ्यायचा, शेजारणीच्या साडीसारखा.

तर ह्या कामावर मुली घेणार होते. टाइपरायटरसारखी कळपट्टी असलेलं मशीन, मुलीनं कळ दाबली की कार्डावर भोक. तुळजाला बोलावणं आलं. सहा महिने कच्ची नोकरी, काम पसंत पडलं तर कायम.

घरी येऊन तिनं सांगितलं तेव्हा केसरीनाथ जेवत होता. "काम काय हाय?" त्यानं विचारलं.

"कार्ड पंच करायची, बाबा."

केसरीनाथचा हात ताटातच थांबला. मग तो हसला. तो हसताना फार कमी लोकांनी पाहिला असेल, आणि ज्यांनी पाहिला त्यांना ते आवडलं नसेल. "म्हंजे आमचाच धंदा! मिलवाल्यांना शेवटी भोकंच पाडावी लागली ना? आमच्याच घरची विद्या चोरून नेली आनि आमच्याच पोरीला पगार देतात. बरं हाय, बरं हाय."

"तसं न्हाय बाबा. ही वेगळी कार्डं."

"भोक ते भोक. त्यात वेगलं काय?"

दुसऱ्या दिवसापासून त्यानं गल्लीत टेंभा मिरवायला सुरुवात केली. पोरगी आपली गादी चालवते, तीसुद्धा खुर्चीवर बसून, पंख्याखाली. लोक ऐकायचे आणि पाठ वळली की हसायचे. एक दिवस तुळजा वाया गेलेलं एक कार्ड घरी घेऊन आली, बापाला कळावं म्हणून. पिवळट, पातळ, तळहाताहून लांब, एक कोपरा कापलेला, आणि त्यात बारीक चौकोनी भोकं. केसरीनाथनं ते उजेडाकडे धरून पाहिलं आणि त्याचा चेहरा कडू कारलं खाल्ल्यासारखा झाला.

"हे काय गं? चालनी?"

तुळजानं समजावून सांगितलं. प्रत्येक उभ्या रांगेत एक अक्षर नाहीतर एक आकडा. भोक कुठं आहे त्यावरून मशीन ओळखतं. ह्यात नक्षी नसते, बाबा, मजकूर असतो. पोरीनं अगदी सावकाश, बोट ठेवून सांगितलं, आणि तो ऐकतही होता. म्हणजे त्याचे कान ऐकत होते. मन आधीच निकाल देऊन मोकळं झालं होतं.

"भोकानं धागा उचलतात," तो म्हणाला. "भोक वाचत न्हायत. मना शिकवतेस? जे मिलवाले तुला शिकवतात त्यांना आधी विचार, काठ कसा उमटतो ते."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. ह्याचा बैल तर गोठ्याबाहेर पडून पार कशेळीच्या खाडीला पोचला होता, आणि हा दावं हातात घेऊन इतरांना हसत होता.

आता तुळजाची खरी अडचण ऐका. गुणाबाईच्या भावांनी तिच्यासाठी एक स्थळ काढलं होतं. वडप्याचा दौलत नावाचा गडी. जमीन भरपूर, ट्रक दोन, पहिली बायको वारलेली, आणि का वारली ह्याबद्दल बायका हलक्या आवाजात बोलायच्या. मामांनी तगादा लावला होता. शेवटी घरात असं ठरलं की पोरगी मिलमध्ये कायम झाली तर दौलतला नकार कळवायचा, आणि मिलनं घरी बसवलं तर त्याच आठवड्यात सुपारी फोडायची. तुळजानं दौलतला एकदाच पाहिलं होतं. तो तिच्याशी बोलला नाही, मामाला म्हणाला, "हाडापेरानं बरी हाय." त्या दिवसापासून पोरगी मिलमध्ये कळा बडवताना जीव मुठीत धरून बसायची.

आणि जीव मुठीत धरला की बोटं चुकतात. तिच्या कार्डांत चुका निघू लागल्या. मुलींवर देखरेख करणाऱ्या सबनीसबाई होत्या, ठाण्याच्या, पांढऱ्याशुभ्र वॉयलच्या साडीतल्या, रागावल्या तरी आवाज न चढवणाऱ्या. त्यांनी एका शनिवारी तुळजाला बाजूला घेऊन सांगितलं, "हे बघ, तुझ्यासाठी मी मॅनेजरांकडे शब्द टाकलाय. आता एकही चूक चालणार नाही." आणि विश्वास दाखवायचा म्हणून की काय, त्याच संध्याकाळी त्यांनी तिच्यावर एक जबाबदारी टाकली. कार्डं फोर्टला पोचवणारा शिपाई रजेवर होता. आठवड्याच्या कार्डांची पेटी तुळजानं घरी न्यायची आणि सोमवारी सकाळी परस्पर फोर्टला पोचवायची.

तिनं ती पेटी भिवंडीच्या एसटीत मांडीवर धरून आणली. घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं, बाईंची ताकीदसुद्धा. सांगताना तिला रडू फुटलं. केसरीनाथ ओट्यावर बसून ऐकत होता.

रविवारी वडप्याला मामाच्या मुलीची हळद होती. गुणाबाई आणि तुळजा सकाळीच निघाल्या. केसरीनाथ सासुरवाडीच्या हळदीला कधी जायचा नाही. मटणाच्या वाटीवरून भांडणारी माणसं ती, असं त्याचं मत. भांडायची खरी, पण ह्याच्या न जाण्याचं खरं कारण ते नव्हतं. हा गेला की हळद उतरायची, म्हणून त्याला कुणी आग्रहच करायचं नाही.

घर रिकामं झालं आणि त्यानं पेटी उघडली.

इथं त्याच्या मनात काय चाललं होतं ते नीट समजून घेतलं पाहिजे, नाहीतर तो नुसताच गाढव ठरेल. गाढव होताच, पण नुसता नव्हता. पोरगी काल रडली होती. कार्डांत चुका होतात म्हणून रडली होती. आणि कार्डं तर इथं, त्याच्या पुढ्यात. दौलतचं थोबाड त्याला पोरीपेक्षाही नकोसं होतं, फक्त ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मेहुण्यांच्या तोंडी लागायचं म्हणजे आपली पायरी सोडायची. मग आता पोरीच्या चुका कुणी काढायच्या? ज्याला कळतं त्यानं.

त्यानं एक कार्ड उजेडाला धरलं. मग दुसरं. मग तिसरं. त्याला घामच फुटला. अरे देवा, चुका कसल्या, इथं एक कार्ड धड नव्हतं! एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. डावीकडे भोकांची गर्दी, उजवीकडे शुकशुकाट. नक्षी म्हणून कुठं फिरून येत नाही, काठ कुठं उमटतच नाही. असली माळ लूमवर चढवली असती तर कापड नाही, गोणपाट निघालं असतं. "म्हनून बाई बोलली," तो स्वतःशी म्हणाला. "म्हनून पोर रडली. ह्यांनी शिकवलंच न्हाय तिला!"

मग केसरीनाथनं सोवळ्यात बसावं तशी बैठक मारली. खळ कालवली. पातळ कागदाच्या बारीक चकत्या कापल्या. चुकलेलं भोक बुजवायची ही जुनी रीत, वरून चकती चिकटवायची, की धागा त्या जागी उचलला जात नाही. मग पोलादी पट्टीखाली कार्ड धरून जिथं भोक हवं तिथं नवं पाडायचं. कार्ड पातळ होतं, जोरानं मारलं तर फाटलं असतं. त्यानं हातोडी ठेवून दिली आणि टोच्यावर तळहाताचा दाब देऊन भोकं पाडली. खालून कार्डं तुटू नयेत म्हणून जुनं चामडं घातलं. जेवला नाही. शेजारचे लूम दिवसभर खडखडत राहिले, ते त्याला ऐकूही आले नाहीत. उन्हं उतरेपर्यंत वरचा अख्खा गठ्ठा दुरुस्त झाला होता, आणि कार्डं ओळीनं मांडली तर त्यांतून एक कैरीचा काठ चालत होता, देठाला बारीक वळण घेऊन, एकाही ठिकाणी न अडखळता.

हे त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं. त्याला ते माहीत होतं. तो ओट्यावर येऊन बायकोची आणि लेकीची वाट पाहत बसला, आणि पोरगी विचारील तेव्हा काय म्हणायचं ते त्यानं ठरवून ठेवलं होतं. म्हणायचं, "काय न्हाय गं, जरासा हात फिरवला."

करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तोही शेपटीसकट.

तुळजा आली, हातापायाला हळद लागलेली, आणि तिची नजर मांडलेल्या कार्डांवर गेली. ती भिंतीला टेकून खालीच बसली.

"बग," केसरीनाथ म्हणाला. "आता बोल म्हनावं तुझ्या बाईला."

"बाबा," ती म्हणाली, "बाबा, हे तुम्ही काय केलंत?"

"दुरुस्त केली."

मग मात्र तिचा तोल सुटला. त्या घरात केसरीनाथपुढे आवाज चढवायची पद्धत नव्हती, ती त्या संध्याकाळी मोडली. "मी सांगितलं होतं तुम्हाला! बोट ठेवून सांगितलं होतं! ह्यात नक्षी नसते! हा मजकूर होता बाबा, मिलचा अख्ख्या आठवड्याचा मजकूर! आता मला उद्या घालवतील. कळलं? घालवतील, आणि परवा तुम्ही त्या दौलतच्या हातात माझा हात देणार!"

केसरीनाथ म्हणाला, "पन काठ बग की एकदा. बग तर."

हे तो त्या वेळीसुद्धा म्हणाला. ह्याला काय म्हणावं? जळत्या घरात उभं राहून तुळईवरचं कोरीवकाम दाखवणारा माणूस हा.

तुळजानं डोळे पुसले. मग उठली आणि कात्री घेतली. चकत्या ओरबाडून काढल्या, कार्डांच्या कडा कुरतडल्यासारख्या फाडल्या, भोकांना भोकं जोडून त्यांची लक्तरं केली. गुणाबाईनं न विचारता तिच्या शेजारी बसकण मारली आणि तीही दातांनी कडा फाडू लागली. उंदरांनी कुरतडली असं सांगायचं, मायलेकींनी दोन शब्दांत ठरवलं. केसरीनाथच्या डोळ्यांदेखत त्याची कैरी देठापासून फाटत गेली. त्यानं एकदा हात पुढे केला, पण गुणाबाईनं मान वर करून असं पाहिलं की तो हात परत घेऊन त्यानं मांडीखाली घातला. बायकोनं आपल्याकडे असं कधी पाहिलं होतं, हे त्याला आठवेना, कारण तिनं तसं कधी पाहिलंच नव्हतं.

सोमवारी तुळजा फोर्टला न जाता पेटी घेऊन मिलमध्ये गेली. मॅनेजरसाहेबांनी उंदीर हा शब्द ऐकला आणि ते खुर्चीतून उठले. उंदीर? नेमके मिलच्याच कार्डांना? नेमके आत्ता? युनियनचा हात आहे ह्यात! त्या दिवसांत घातपात हा शब्द पेपरात रोज यायचा, आणि साहेबांनी तो नुकताच पाठ केला होता. कुठंतरी वापरायला मिळाला ह्याचा त्यांना आनंदच झाला असावा. त्यांनी तुळजाला घरी बसायला सांगितलं आणि पोलिसांत कळवायचं की नाही ते बुधवारी ठरवू म्हणाले.

मंगळवारी संध्याकाळी सबनीसबाई स्वतः निजामपुऱ्यात आल्या. पदर नाकाला लावून, गटार ओलांडत, पत्ता विचारत. त्यांनी ह्या मुलीसाठी शब्द टाकला होता, तेव्हा आता त्यांचीही मान अडकली होती. गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. गुणाबाईनं सतरंजी अंथरली, बाई बसल्या नाहीत.

त्यांनी पर्समधून एक कार्ड काढलं. खळीनं दुसऱ्या कार्डाला चिकटून बसलेलं, तुळजाच्या कात्रीतून सुटलेलं. धडधाकट कार्ड. त्यावर बुजवलेल्या चकत्या होत्या आणि नवी गोल भोकं होती, वळण घेत गेलेली.

"तुळजा," बाई शांतपणे म्हणाल्या, "उंदराला खळ लावता येते का गं?"

ती बापाकडे पाहीना, आईकडे पाहीना, जमिनीकडे पाहत राहिली.

"हे कोणी केलं ते मला आत्ता सांग. युनियनच्या कोणी सांगितलं का तुला? मॅनेजर पोलिसांना बोलावणार आहेत. मी खोटं बोलणाऱ्या मुलीला वाचवू शकणार नाही."

केसरीनाथ ओट्याच्या खांबाशी उभा होता. बाईंच्या हातातलं ते कार्ड त्याला तिथून स्पष्ट दिसत होतं. देठाच्या वळणाचं कार्ड होतं ते, सगळ्यांत कठीण. एवढं एकच वाचलं होतं. त्याच्या मनात आलं ते सांगायला मला लाज वाटते, पण आलं खरं. त्याच्या मनात आलं, की बाई शिकलेली आहे, तिला बोट ठेवून दाखवलं तर कळेल. ह्या गल्लीत कुणाला कळलं नाही, मिलमधल्या शिकलेल्या बाईला कळेल. सांगावं. उस्तादांचं नाव सांगावं, मग आपलं सांगावं.

आणि मग दुसरं मनात आलं. हे सगळं सांगितलं तर बाई हिशेब करील. शुद्धीतल्या, शहाण्या माणसानं, दिवसभर बसून, समजून-उमजून मिलची कार्डं फाडायच्या लायकीची केली. कोण विश्वास ठेवील की तो काठ काढत होता? पोरीला घालवतील, आणि ह्याला घातपाती म्हणून नेतील. शहाण्या माणसाला माफी नाही.

तो पुढे आला. "बाई, मी केलं."

"तुम्ही? कशासाठी?"

केसरीनाथ भोईरानं आयुष्यात दारूचा थेंब जिभेला लावला नव्हता. आगरी माणूस असून, भाऊबंद हळदीत दारूनं न्हाऊन निघायचे तरी नाही. हातात कापरं भरतं म्हणून, डोळ्याची नजर जाते म्हणून, आणि पिणाऱ्यांची तोंडं बघवत नाहीत म्हणून.

"दारू पिलो व्हतो," तो म्हणाला. "खूप पिलो व्हतो. शुद्ध नव्हती. घरात कोन नव्हतं, पेटी दिसली, बसलो भोकं पाडत. पोर हलदीला गेली व्हती, तिला काय ठाव न्हाय. मी घाबरलो, मीच बोललो उंदीर सांग म्हनून. अडानी मानूस हाय बाई. पोरीला नका घालवू."

सबनीसबाईंच्या चेहऱ्यावरचा सगळा संशय एका क्षणात गेला. त्यांनी एकदा सुस्कारा सोडला. "वाटलंच मला," त्या म्हणाल्या. "ह्या वस्तीत दुसरं काय असणार."

त्यांना एक प्रश्न पडला नाही. बेवड्याच्या हातून एवढी रेखीव भोकं कशी पडतात, हा साधा प्रश्न त्या शिकलेल्या बाईला पडला नाही. तिच्या हातात कार्ड होतं. तिनं ते पाहिलंच नाही. चुरगाळून गटारात टाकलं, आणि तुळजाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "अशा घरातून येऊन तू इतकं करतेस, ह्याचंच मला कौतुक वाटतं. उद्यापासून ये. मॅनेजरांना मी सांगते."

तुळजानं तोंड उघडलं. बापानं तिच्याकडे पाहिलं. तिनं तोंड मिटलं.

बाईंनी शब्द पाळला. तुळजाला दोन महिन्यांनी कायम केलं. दौलतला नकार गेला, मामा वर्षभर रुसले. घरात त्या संध्याकाळबद्दल कुणी बोललं नाही, फक्त गुणाबाई जेवायला वाढताना आधी मीठ चाखून बघू लागली, जे तिनं कधी केलं नव्हतं, आणि केसरीनाथ मुकाट्यानं जेवू लागला, जे त्यानं कधी केलं नव्हतं.

पण गल्लीनं दारातून सगळं ऐकलं होतं. आणि गल्लीला एवढा आनंद ईदला आणि शिमग्याला मिळूनसुद्धा झाला नसता. केसरीनाथ पितो! चोरून पितो! इतकी वर्षं सगळ्यांना बैल म्हणत होता आणि स्वतः घरात बाटली घेऊन बसत होता! पोरं त्याच्यामागे अडखळत चालू लागली. चहावाला त्याला चहा देताना विचारू लागला, "नुसताच?" ज्यांना तो तोंडावर बोलला होता ते सगळे आता त्याच्या तोंडावर बोलू लागले, आणि प्रत्येकाचं जुनं देणं होतं.

एका सकाळी शेठ स्वतः त्याच्या खोलीत आला. हातात साडीचा तुकडा होता. मोराच्या मानेपाशी एक धागा सुटला होता. कार्डात काही चूक नव्हती, लूमवरच्या माणसानं सूत जोडताना घाई केली होती. हे केसरीनाथला एका नजरेत दिसलं. पूर्वी असता तर त्यानं शेठला, लूमवाल्याला आणि लूमवाल्याच्या सात पिढ्यांना तिथंच उभं करून धुतलं असतं.

शेठनं तुकडा त्याच्यापुढे टाकला. दारात चारदोन माणसं जमली होती, त्यांत पुलापलीकडच्या माणिकप्रभा मिलमध्ये हमाली करणारा एकजण होता, जो ऐकलेलं सगळं तिकडे नेऊन सांगायचा.

"क्या केसरी," शेठ हसून म्हणाला, "हात हलायला लागला काय? रात्रीची उतरली नाय वाटतं अजून?"

केसरीनाथनं तुकडा उचलला. त्यानं त्या सुटलेल्या धाग्याकडे पाहिलं, मग दारातल्या हमालाकडे पाहिलं.

"व्हय शेठ," तो म्हणाला. "कालची जरा जास्त झाली."